कुत्रा चावला की तो कोणाचाच नसतो

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले रस्त्यावरचे कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी करा, लस टोचा, जिथून उचलला तिथेच सोडा, फक्त पिसाळलेला आणि अंगावर धावून जाणारा सोडू नका. ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनच्या आवारातले कुत्रे हटवा आणि तिथे परत सोडू नका. तेव्हापासून आपल्या गोंदियातही, जयस्तंभ चौकातल्या टपरीपासून सिव्हिल लाईन्सपर्यंत, दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो उचला. दुसरा म्हणतो मुक्या जनावरावर दया करा.

हे दोन्ही पक्ष ज्याच्याबद्दल बोलतच नाहीत, त्या कुत्र्याबद्दल आज लिहितो.

तो रस्त्यावरचा नाही. त्याला नाव आहे. टायगर, मोती, शेरू असं काहीतरी. त्याला घर आहे, दोन वेळची पोळी आहे, कधी कधी गळ्यात पट्टाही आहे. पण सकाळी गेट उघडलं की तो मोहल्ल्याचा होतो आणि रात्री जेवायच्या वेळेला पुन्हा घरचा. मधल्या वेळात तो शाळेत जाणाऱ्या पोरींच्या सायकलीमागे धावतो, दूधवाल्याला अडवतो, शेजाऱ्याच्या दारात घाण करून येतो. आणि चावला की? "आमचा नाही जी. आम्ही फक्त पोळी टाकतो."

गोंदिया काय, तिरोडा काय, आमगाव काय, हे वाक्य सगळीकडे सारखंच. पोरीच्या पोटरीवर दात उमटलेले असतात, तिचा बाप टॉवेल गुंडाळून तिला केटीएसला घेऊन निघालेला असतो, आणि काल संध्याकाळपर्यंत ज्याला सगळा मोहल्ला "अमक्याचा टायगर" म्हणत होता, तो एका मिनिटात अनाथ होतो. दुसऱ्या दिवशी बातमीत तो 'मोकाट कुत्रा' असतो. फार सोयीचा शब्द आहे हा. मोकाट म्हणजे मोकळा सोडलेला. आता सोडलेला म्हटलं की सोडणारा आलाच ना? पण बातमीत तो कधी येत नाही.

घरचा की रस्त्यावरचा, हा गोंधळ आजचा नाही. मुंबईत यावरून दंगल झाली होती, १८३२ साली.

तेव्हा मुंबईत कंपनी सरकारचं राज्य. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती म्हणून पोलीस मॅजिस्ट्रेट दरवर्षी ठराविक दिवसांत बेवारस कुत्रे मारायचा हुकूम काढत असे. मारणाऱ्याला बक्षीस होतं, एका कुत्र्यामागे आठ आणे. १८३२ ला ही मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेली. आता आठ आण्यांचं गणित समजून घ्या. रस्त्यावरचा खरा भटका कुत्रा माणसाला पाहून पळतो, चावतो, हाताला लागत नाही. घरचा कुत्रा मात्र ओट्यावर बसून शेपूट हलवतो. पैसे डोक्यामागे मिळणार असतील तर मारणारा कोणाकडे जाईल? ते घरांच्या आवारात शिरू लागले, पाळलेले कुत्रे ओढून नेऊ लागले.

६ जून १८३२, पारशांचा पवित्र दिवस. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेला की प्रेताला कुत्र्याची नजर दाखवायचा विधी आहे, त्याला सगदीद म्हणतात. अशा दिवशी फोर्टात कुत्रे मारणारे फिरताना दिसले आणि जमावाने दोन गोऱ्या शिपायांना चोपलं. दुसऱ्या दिवशी हरताळ. एकटे पारशीच नाही, जैन, वैष्णव वाणी, इस्माइलीसुद्धा सामील. बाजार बंद, कुलाब्याच्या पलटणीचा दाणागोटा अडवला. शेवटी लष्कर आणावं लागलं, धरपकड झाली, खटले चालले. पुढे जमशेटजी जीजीभाई मध्यस्थीला पडले, सरकारकडे अर्ज झाले, आणि कुत्रे मारण्यापेक्षा शहराबाहेर नेऊन सोडावेत असा तोडगा निघाला.

ही गोष्ट दयेची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. दंगल भडकली ती रस्त्यावरच्या कुत्र्यांइतकीच घरच्या कुत्र्यांवरून. सरकारला घरचा आणि बेवारस यातला फरक कळत नव्हता, कारण दोघे एकाच रस्त्यावर, एकसारखेच मोकळे फिरत होते. हा कुत्रा माझा आहे हे सांगणारी कुठलीच खूण त्याच्या अंगावर नव्हती. जवळजवळ दोनशे वर्षं झाली. गोंदियात आज नसबंदीसाठी गाडी फिरली तर नेमकी हीच पंचाईत होईल.

ही खूण कायद्यात कशी आली, ते सांगतो.

१८६७ ला लंडन शहरातल्या रस्त्यांसाठी इंग्रजांनी एक कायदा केला. त्यात पोलिसांना अधिकार दिला की जाहीर सूचना काढून, जो कुत्रा रस्त्यावर कोणा माणसाच्या हातात धरलेला नाही, त्याच्या तोंडाला मुसकं बांधायला लावावं. आपल्याकडे मळणीच्या वेळी बैलाला बांधतात तसंच मुसकं, फक्त श्वास घेता आला पाहिजे आणि पाणी पिता आलं पाहिजे अशी अट. पुढे १८९७ पासून तिथल्या सरकारने मुसक्याची सक्ती देशभर कडक केली आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना वेगळं ठेवणं सुरू केलं. कुत्रेवाले भयंकर चिडले. शेतीखात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांना लोकांनी शिव्या घातल्या. पण १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीज संपला. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो पुन्हा शिरला, तेव्हा १९२२ पर्यंत पुन्हा संपवला. कुत्र्यांना सरसकट टोचायची लस तेव्हा नव्हती. सगळी भिस्त मालकावर होती.

तीच भाषा आपल्याकडे आली. मुंबई पोलीस कायदा, १९५१, आज ज्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याचं कलम ४४ काढून वाचा. सूचना निघाली असेल तर रस्त्यावर जो कुत्रा कोणाच्या हातात नाही त्याला मुसकं हवं, आणि विनामुसक्याचा मोकळा कुत्रा पोलीस धरू शकतात. मात्र त्याच्या गळ्यात मालकाचं नाव आणि पत्ता लिहिलेला पट्टा असेल तर त्याला लगेच मारायचं नाही, मालकाला टपालाने किंवा दुसऱ्या मार्गाने कळवायचं. म्हणजे १८३२ ला जी खूण नव्हती ती १९५१ च्या कायद्यात लिहून ठेवली आहे. पट्ट्यावर नाव! याच कायद्यात आणखी लिहिलंय की रागीट कुत्रा मुसक्याशिवाय रस्त्यावर मोकळा सोडणं हा गुन्हा, आणि कुत्रा कोणाच्या अंगावर सोडणं हाही गुन्हा.

आपल्या भागाचं म्हणाल तर तेव्हा आपण मुंबईचे नव्हतोच. भंडारा जिल्हा, त्यातलं गोंदिया, राजधानी नागपूर. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात, आणि मुंबईचा हा पोलीस कायदा मागोमाग आला. जिल्हा म्हणून गोंदिया वेगळा झाला तो तर १ मे १९९९ ला. इतके हात बदलले, पण कुत्र्याच्या मालकाची जबाबदारी प्रत्येक वहीत लिहिलेलीच होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं, आपल्या ताब्यातलं जनावर माणसाला इजा करेल अशी हयगय केली तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९१ झालं, दंड पाच हजारांपर्यंत गेला. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतली ५८ वी नोंद आहे, जनावरं आणि होड्या यांच्यावरचे कर. त्याच आधारावर १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात नगरपरिषदेला कुत्र्यांवर कर बसवायची मुभा आहे. जर्मनीत आजही कुत्र्यामागे कर भरावा लागतो, प्रशियाच्या राजाने १८१० ला सुरू केलेला. आपल्याकडे घरपट्टी भरणाऱ्याला विचारा, श्वानकर म्हणजे काय, तर तो हसेल. माझ्या ओळखीत पाच-पंचवीस जणांकडे तरी कुत्रे आहेत. परवाना एकाकडेही पाहिला नाही.

मग इतकी वर्षं चाललं कसं? माझं मत सांगतो. दोन गोष्टींवर चाललं. एक भीती, दुसरं विष.

भीती म्हणजे पोटातली चौदा इंजेक्शनं. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पाश्चरने १८८५ ला पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या पोराला पहिली लस दिली. आपल्या देशात १९०० ला हिमाचलातल्या कसौलीत पाश्चर इन्स्टिट्यूट उघडली. गोंदियाच्या माणसाला पिसाळलेला कुत्रा चावला तर इलाज सिमल्याच्या वाटेवर, विचार करा. त्याच संस्थेच्या डेव्हिड सेंपलने मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली, ती स्वस्त होती, जिल्ह्याजिल्ह्यात पोचली, आणि जवळजवळ शंभर वर्षं चालली. पोटाच्या कातडीत लांब सुई, रोज एक. क्वचित लकवाही व्हायचा. २००४-०५ च्या सुमारास ती बंद झाली आणि दंडात घ्यायची आताची लस आली. फार चांगलं झालं. पण माझ्या मते त्या चौदा सुयांच्या धाकाने बाया पोरांना कुत्र्यापासून दूर ठेवायच्या आणि मालकाला चार गोष्टी सुनवायच्या. सुई सोपी झाली आणि तो धाक गेला.

विष म्हणजे विषच. मांसाच्या तुकड्यात घालून पहाटे टाकायचं, नाहीतर सांडशीने मानगूट धरून गाडीत कोंबायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पालिकांनी हेच केलं. मुंबईत तर विजेचा झटका देऊन वर्षाला हजारोंनी मारले, तरी कुत्रे कमी झाले नाहीत, कारण रिकाम्या झालेल्या उकिरड्यावर शेजारच्या मोहल्ल्यातले येऊन बसतात. त्या काळात घरचा कुत्रा बांधून ठेवणं मालकाच्या हिताचं होतं. नाही बांधला तर पहाटे नालीत पडलेला सापडायचा. पुढे न्यायालयांनी आणि २००१ च्या केंद्राच्या नियमांनी हे मारणं थांबवलं. थांबायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण २००१ च्या त्याच नियमांत आणखी एक वाक्य होतं, ते सगळे विसरले. कुत्र्यांचे दोन वर्ग केले, पाळीव आणि रस्त्यावरचे. रस्त्यावरच्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्था आणि संस्थांकडे. पाळीव कुत्र्याची लस, नसबंदी, पिलावळीवर ताबा आणि परवाना, ही सगळी जबाबदारी मालकाची. २०२३ ला नवे नियम आले, त्यातही मालक सुटलेला नाही. पहिल्या वर्गावर इतके खटले झाले की कागद मोजता येणार नाहीत. दुसऱ्या वर्गावर किती? टायगर मात्र कागदावर पाळीव, रस्त्यावर भटका आणि चावल्यावर बेवारस. तिन्हीकडून मोकळा.

नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ ला याच्या जवळ जाणारी गोष्ट सांगितली होती. ज्यांना रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचंय त्यांनी ते दत्तक घ्यावेत, महापालिकेत नोंद करावी, घरी ठेवावेत. रस्त्यावर खाऊ घालणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड. मोठा गदारोळ झाला, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या भागाला स्थगिती दिली. मलाही तो आदेश पूर्ण पटला नव्हता. उकिरड्यावरच्या कुत्रीला भाकरी टाकणाऱ्या म्हातारीला दंड करून काय मिळणार? पण मूळ प्रश्न बरोबर होता, हा कुत्रा कोणाचा? २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही ते आहे. दत्तक घ्यायचा असेल तर पालिकेकडे अर्ज करा, मात्र घेतल्यावर तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. टीव्हीवर त्या दिवशी दिवसभर चर्चा चालली, हे वाक्य कोणी वाचलं नाही.

आता मालकांचं म्हणणं. ते मी ऐकून घेतो, कारण त्यात सगळं खोटं नाही. "अठरा तास साखळीला बांधून ठेवू काय बिचाऱ्याला? वेडा होईल ना जी." बरोबर. बांधून ठेवलेला कुत्रा खरंच जास्त चावरा होतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की जनावर आखूड किंवा जड साखळीला विनाकारण बांधून ठेवणं ही क्रूरता, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तीही मालकाची क्रूरता. म्हणजे कायदा बांधून टाकायलाही नाही म्हणतो आणि मोकळं सोडायलाही. मग उरतं काय? पट्टा हातात घेऊन सकाळ-संध्याकाळ स्वतः फिरवणं. अर्धा-अर्धा तास. हा वेळ नाही म्हणून गेट उघडलं जातं, दुसरं कारण नाही. आणि तो कंटाळवाणा झाला, आजारी पडला, म्हातारा झाला की गाडीत घालून बालाघाट रोडला सोडून येणारेही आहेत. ही पण क्रूरताच, याच कायद्यात. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० चे रुपये, तसेच चालू आहेत.

त्यात आता जातीचे कुत्रे आलेत. आमच्या लहानपणी फार तर पामेरियन आणि अल्सेशियन. आता मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास पारा जाणाऱ्या गावात लोक सायबेरियातला हस्की ठेवतात, एसीविना. पिटबुल, रॉटवायलर ठेवतात आणि रात्री कॉलनीत सोडतात, चोर येऊ नये म्हणून. केंद्राने मार्च २०२४ ला अशा २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं होतं, ते उच्च न्यायालयांत टिकलं नाही. जात कोणतीही असो, आपल्याकडचा गावठी कुत्राही लेकराला फाडू शकतो. प्रश्न दोर कोणाच्या हातात आहे याचा आहे.

आणि हे फक्त शहराचं नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेला, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावच्या गावांत घरचे कुत्रे रात्री जंगलात जातात. चितळाच्या पाडसामागे लागतात, वाघाने टाकलेलं खातात. डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा आजार असतो, तो रानकुत्र्याला होतो, वाघ-बिबट्यालाही होतो. १९९४ ला आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत गावातल्या कुत्र्यांकडून गेलेल्या या आजाराने साधारण एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ ला आपल्या गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले, तिथेही हाच विषाणू सापडला. नागझिऱ्याच्या रानकुत्र्यांचे फोटो आपण अभिमानाने टाकतो. त्यांच्या वाट्याला काय जाईल हे गावातल्या मोतीला लस दिली की नाही यावर ठरतं.

माणसांचा हिशोब पण पाहा. आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीप्रमाणे वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरं चावतात, चारातले तीन चावे कुत्र्याचे, आणि रेबीजने अंदाजे ५,७२६ माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर साखळी तुटते. भटका कुत्रा पकडायला जाळं लागतं, माणसं लागतात, पैसा लागतो. टायगरला काय लागतं? मालक त्याला स्कूटरवर बसवून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊ शकतो. सत्तर टक्क्यांतला सगळ्यात सोपा वाटा हाच आहे, आणि तोच होत नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीवरून महाराष्ट्र महिनाभर भांडला. दगडाच्या कुत्र्याचा इतिहास खरा की खोटा, यावर जिल्ह्याजिल्ह्यात निवेदनं गेली. जिवंत कुत्र्याच्या मालकाबद्दल एक निवेदन गेलेलं मला आठवत नाही.

चावला तर काय, ते पण सांगून ठेवतो, कारण हळद-चुना-मिरची अजून थांबलेली नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. लगेच दवाखाना. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं रेबीजविरोधी सीरम विचारून घ्या. सगळे डोस पूर्ण करा. कुत्रा घरचा, लस दिलेला आहे असं मालक म्हणत असेल तर तोंडी नको, लसीचं कार्ड मागा. आणि पोलीस ठाण्यात तक्रार देताना 'मोकाट कुत्रा' लिहू नका. कोणाच्या घरी राहतो, कोण खाऊ घालतो, काय नावाने हाक मारतात, ते लिहा. कलम २९१ तिथूनच सुरू होतं.

माहिती अधिकारात मी सोमवारी नगरपरिषदेला तीन प्रश्न टाकतोय. गेल्या पाच वर्षांत कुत्रा पाळण्याचे किती परवाने दिले. कुत्र्यांवर कर आकारण्याचा ठराव कधी झाला होता का, झाला असेल तर त्याची प्रत. आणि मोकळा सोडलेल्या पाळीव कुत्र्याच्या किती मालकांना नोटीस गेली. कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो, नाही आलं तर अपिलाची पोच टाकतो. तिरोडा, आमगाव, देवरी, सालेकसा, गोरेगाव, दोन्ही अर्जुनी, तुमच्याकडे कोणी हेच प्रश्न टाकायला तयार असेल तर अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प तेवढा लागतो.